सभोवार ध्वनी, घरगुती

श्रोत्याच्या पुढे, दोन्ही बाजूंस व मागे ठेवलेल्या अनेक ध्वनिक्षेपकांतून निरनिराळे ध्वनिसंकेत एकाच वेळी सोडून, मूळ प्रसंगातील ध्वनी त्या त्या दिशेने येत असल्याचा आभास निर्माण करण्याच्या पद्धतीस सभोवार ध्वनिपद्धती म्हणतात. व्यवहारात तिचे ‘सराउंड साउंड’ हे नाव रूढ आहे. ही पद्धती प्रथम चित्रपटगृहांसाठी विकसित झाली व पुढे डीव्हीडी आणि ब्लू-रे या प्रकाशीय तबकड्यांच्या द्वारे ती घरात आली. तबकडीवादक, विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या अशा संचास ‘होम थिएटर’ म्हणतात.

घरगुती संचापासून मिळणाऱ्या ध्वनीची गुणवत्ता केवळ यंत्रांच्या किंमतीवर अवलंबून नसते. तबकडीवरील योग्य ध्वनिपटाची निवड, तो संकेत न घटविता विवर्धकापर्यंत पोहोचविणे, ध्वनिक्षेपकांची मांडणी, त्यांच्या काल व पातळी यांचे समायोजन आणि खोलीचे ध्वनिकीय गुणधर्म या पाच गोष्टी साधाव्या लागतात. यांपैकी एखादी जरी चुकली, तरी सहा ध्वनिक्षेपकांचा संच दोन ध्वनिक्षेपकांच्या साध्या संचापेक्षाही निकृष्ट ठरू शकतो. उलट, या गोष्टी साधल्यास मध्यम किंमतीच्या संचातूनही समाधानकारक परिणाम मिळतो. यांतील बहुतेक कामास मोजपट्टी व थोडा वेळ यांपलीकडे काहीही खर्च येत नाही.

दिशाबोधाचे तत्त्व : ध्वनी कोणत्या दिशेने येत आहे, हे मनुष्यास दोन कानांमुळे कळते. उजवीकडून येणारा ध्वनी उजव्या कानास थोडा आधी व थोडा मोठा ऐकू येतो. डोक्याच्या रुंदीमुळे पडणारा हा कालभेद जास्तीत जास्त सु. ०·७ मिलिसेकंद इतकाच असतो. तरीही मेंदू तो ओळखतो. कमी कंप्रतेच्या ध्वनींची दिशा मुख्यतः कालभेदावरून व उच्च कंप्रतेच्या ध्वनींची दिशा मुख्यतः तीव्रताभेदावरून समजते, हा विचार लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये मांडला. ध्वनी समोरचा आहे की मागचा, हे ओळखण्यास बाह्यकर्णाच्या आकारामुळे ध्वनीत होणारे बदल व डोक्याची किंचित हालचाल यांचे साहाय्य होते.

दुसरे महत्त्वाचे तत्त्व पूर्वागमनाचे होय. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या कालांतराने आला, तर कानास ते दोन ध्वनी वेगळे वाटत नाहीत. जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेने संपूर्ण ध्वनी आल्याचा भास होतो. भाषणाच्या बाबतीत हे कालांतर सु. ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंत असले तरी हा परिणाम टिकतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणून त्यास हास परिणाम असेही म्हणतात. घरगुती मांडणीतील बहुतेक दोषांचे मूळ या परिणामात आहे. श्रोता एका ध्वनिक्षेपकाच्या फार जवळ बसला, तर त्यास बाकीचे ध्वनिक्षेपक चालू असूनही नसल्यासारखे वाटतात.

इतिहास : ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्ये द्विमार्गी ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंदाचे वादन तीन स्वतंत्र ध्वनिमार्गांनी वॉशिंग्टन येथे पाठवून ऐकविले. मध्यभागी तिसरा ध्वनिक्षेपक ठेवण्याच्या आजच्या प्रथेचे बीज या प्रयोगात आढळते. वॉल्ट डिझ्नी यांच्या ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटासाठी प्रेक्षागृहातही ध्वनिक्षेपक ठेवण्यात आले होते. मात्र खर्चामुळे ही योजना थोड्याच चित्रपटगृहांपुरती राहिली. १९५२ मध्ये सिनेरामा पद्धतीत सात चुंबकीय ध्वनिपट्ट्या वापरल्या गेल्या. १९५३ मध्ये सिनेमास्कोप पद्धतीत चार व १९५५ मध्ये ७० मिमी. रुंदीच्या पटावर सहा ध्वनिपट्ट्या आल्या. भारतात १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या हिंदी चित्रपटाच्या ७० मिमी. प्रतींवर असा बहुमार्गी ध्वनी होता व तो ऐकण्यासाठी मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात प्रेक्षक पुन:पुन्हा जात.

१९७० नंतरच्या काही वर्षांत घरगुती ध्वनिमुद्रिकांसाठी चतुर्मार्गी पद्धती पुढे आल्या. परंतु परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक पद्धती एकाच वेळी बाजारात आल्याने त्यांपैकी एकही टिकली नाही. १९७५ पासून चित्रपटांत डॉल्बी स्टीरिओ ही पद्धती वापरात आली. तीत डावा, उजवा, मध्य व सभोवार हे चार ध्वनिमार्ग दोन प्रकाशीय पट्ट्यांत गुंफले जात. मध्यमार्गाचा ध्वनी दोन्ही पट्ट्यांत समान कलेत व सभोवार ध्वनी परस्परविरुद्ध कलेत नोंदला जाई व विसंकेतक त्यांची पुन्हा विभागणी करी. १९८२ मध्ये याच तत्त्वावरील घरगुती विसंकेतक व १९८७ मध्ये त्यांची प्रो लॉजिक ही सुधारित आवृत्ती आली. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल व १९९३ मध्ये डीटीएस या अंकीय पद्धतींमुळे प्रत्येक ध्वनिमार्ग स्वतंत्र ठेवणे शक्य झाले. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली आणि स्वतंत्र सहा ध्वनिमार्ग सामान्य घरात पोहोचले. २००६ मध्ये ब्लू-रे तबकडी आली. डॉल्बी ॲटमॉस ही उंचीच्या दिशेचाही विचार करणारी पद्धती २०१२ मध्ये चित्रपटगृहांत व २०१४ मध्ये घरगुती संचांत आली.

ध्वनिमार्ग व त्यांची कार्ये : ‘५·१’ या संज्ञेतील पाच हा आकडा पूर्ण कंप्रता-पल्ल्याच्या ध्वनिमार्गांचा होय. ते म्हणजे पुढील डावा, मध्य, पुढील उजवा, सभोवार डावा व सभोवार उजवा. ‘·१’ हा केवळ मंद्र परिणामांसाठी असलेला मर्यादित मार्ग असून त्यात सु. १२० हर्ट्‌झपर्यंतच्याच कंप्रता असतात. स्फोट, मेघगर्जना, भूकंप यांसारखे ध्वनी त्यावर नोंदतात.

चित्रपटातील संवाद बहुतांशी मध्यमार्गावर असतात. मध्य ध्वनिक्षेपक नसल्यास, डावा व उजवा ध्वनिक्षेपक समान आवाजात वाजले असता मध्यभागी भासमान ध्वनिप्रतिमा निर्माण होते. परंतु ती नेमक्या मध्यरेषेवर बसणाऱ्यासच योग्य जागी जाणवते. बाजूस बसलेल्यास पूर्वागमन परिणामामुळे तेच संवाद जवळच्या ध्वनिक्षेपकातून आल्यासारखे वाटतात. कुटुंबातील चारपाच माणसे एकत्र बसून चित्रपट पाहतात तेथे मध्य ध्वनिक्षेपकाचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे. सभोवार मार्गांवर पाऊस, गर्दी, सभागृहातील निनाद व क्वचित एखादा मागून जाणारा ध्वनी असतो. हे मार्ग पुष्कळ वेळ अगदी मंद वाजतात किंवा शांतही असतात. मागील ध्वनिक्षेपक सतत मोठ्याने वाजले पाहिजेत हा समज चुकीचा असून, त्यामुळेच अनेक संच बिघडविले जातात.

तबकडीवरील ध्वनीचे संकेतन : डीव्हीडी व ब्लू-रे या दोन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंमी. असतो. डीव्हीडी वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर वापरतात व तिच्या एका थरात ४·७ गिगाबाइट माहिती मावते. ब्लू-रे तबकडीसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळट निळा लेसर असल्याने खुणा अधिक लहान करता येतात व मूळ स्वरूपात एका थरात २५ गिगाबाइट माहिती बसते.

ध्वनीचे दर सेकंदास ४८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांनी दर्शविल्यास पाच मार्गांसाठी दर सेकंदास ३८·४ लाख अंक लागतात. डीव्हीडीवर चित्र व ध्वनी मिळून दर सेकंदास सु. १ कोटी अंकांची मर्यादा असल्याने हा भार परवडत नाही. म्हणून डॉल्बी डिजिटल पद्धतीत, मोठ्या ध्वनीने झाकला जाणारा व त्यामुळे कानास न जाणवणारा अंश वगळून ध्वनीचे संक्षेपण करतात. डीव्हीडीवर तिचा वेग दर सेकंदास जास्तीत जास्त ४,४८,००० अंक असतो, म्हणजे पाच मूळ मार्गांच्या भारापेक्षा सु. साडेआठ पटींनी कमी. डीटीएस पद्धतीत हा वेग याहून जास्त ठेवलेला असतो. ब्लू-रे तबकडीवर डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धतींनी कोणताही अंश न गमावता संक्षेपण करता येते व विसंकेतनानंतर मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे मिळते. महाजालावरून चित्रपट पाहताना मिळणारा सभोवार ध्वनी सामान्यतः अंश वगळून संक्षेपित केलेला असतो. तबकडीचे वेगळेपण आजही यातच आहे.

एकाच तबकडीवर अनेक ध्वनिपट असतात. त्यांपैकी आपोआप सुरू होणारा ध्वनिपट पुष्कळदा द्विमार्गी असतो. त्यामुळे तबकडीच्या सूचीतून बहुमार्गी ध्वनिपट निवडणे ही पहिली पायरी होय. अनेक घरांत संच बसविल्यानंतरही मागील ध्वनिक्षेपक मूक राहतात, त्याचे कारण बहुधा इतकेच असते.

यंत्रांची जोडणी : ध्वनिसंकेत तबकडीवादकातून ग्राही-विवर्धकाकडे तीन प्रकारे नेता येतो. तांबड्या व पांढऱ्या टोकांच्या दोन तारांतून केवळ द्विमार्गी ध्वनी जातो. या जोडणीत वादक सहा मार्गांचे मिश्रण करून त्यांचे दोन मार्ग बनवितो व मूळ दिशाभेद बहुतांशी नष्ट होतो. प्रकाशतंतू किंवा समाक्ष तारेच्या अंकीय जोडणीतून डॉल्बी डिजिटल व डीटीएस यांचे संक्षेपित सहा मार्ग जाऊ शकतात. मात्र ब्लू-रेवरील अंश न गमावलेला बहुमार्गी ध्वनी तीतून जाऊ शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय जोडणी आवश्यक असते. काही वादकांस सहा स्वतंत्र सदृश निर्गम असतात. वादकातच विसंकेतन होऊन ध्वनी त्यांतून विवर्धकाकडे जातो. जुन्या विवर्धकांसाठी हा मार्ग उपयुक्त ठरतो.

वादकाच्या मांडणीसूचीत अंकीय निर्गमासाठी ‘बिटस्ट्रीम’ व ‘पीसीएम’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात संक्षेपित संकेत जसाच्या तसा बाहेर पडतो व विसंकेतन विवर्धकात होते. दुसऱ्यात विसंकेतन वादकात होते. एचडीएमआय जोडणीत दोन्ही पर्यायांनी बहुमार्गी ध्वनी मिळू शकतो. प्रकाशतंतूच्या जोडणीत मात्र ‘पीसीएम’ निवडल्यास ध्वनी द्विमार्गीच होतो. म्हणून तेथे ‘बिटस्ट्रीम’ निवडणे अगत्याचे असते. विवर्धकाच्या दर्शकपट्टीवर पद्धतीचे नाव उमटते की नाही, ते पाहून जोडणीची खात्री करून घ्यावी. याच सूचीत ध्वनीचा पल्ला आकुंचित करण्याची सोय असते. तिच्यामुळे मोठे ध्वनी लहान व लहान ध्वनी मोठे होतात. रात्रीच्या वेळी ती उपयोगी पडते, पण एरवी ती बंद ठेवावी.

ध्वनिक्षेपकांच्या तारांविषयी पुष्कळ अवास्तव समज प्रचलित आहेत. १·५ चौ. मिमी. छेदाच्या साध्या तांब्याच्या दुपदरी तारेचा १० मी. अंतरासाठी जाऊन-येऊन रोध सु. ०·२३ ओहम असतो. ८ ओहम संरोधाच्या ध्वनिक्षेपकाच्या तुलनेत तो ३ टक्क्यांहून कमी असल्याने त्याचा परिणाम नगण्य होय. महागड्या तारांपेक्षा तारांची ध्रुवता अधिक महत्त्वाची असते. विवर्धकाचे धन अग्र प्रत्येक ध्वनिक्षेपकाच्या धन अग्रासच जोडले पाहिजे. पुढील दोहोंपैकी एकाची जोडणी उलटी झाली, तर त्यांचे पडदे परस्परविरुद्ध कलेत हलतात; परिणामी खर्ज क्षीण होतो व मध्यभागी उभी राहणारी ध्वनिप्रतिमा विस्कटते.

ध्वनिक्षेपकांची मांडणी : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार श्रोत्यास केंद्र मानून एक वर्तुळ कल्पितात. मध्य ध्वनिक्षेपक समोर ०° वर, पुढील डावा व उजवा त्यापासून प्रत्येकी ३०° वर आणि सभोवार ध्वनिक्षेपक १००° ते १२०° वर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूंस किंचित मागे असावेत. या मांडणीत पुढील दोन ध्वनिक्षेपक व श्रोता मिळून समभुज त्रिकोण होतो. त्यामुळे श्रोत्यापासून पुढील ध्वनिक्षेपक २·५ मी. वर असतील, तर त्या दोहोंतील अंतरही २·५ मी. ठेवावे. ७·१ संचात आणखी दोन ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या मागे सु. १३५° ते १५०° वर ठेवतात.

पुढील तीनही ध्वनिक्षेपकांचे उच्च कंप्रतेचे घटक शक्यतो एका पातळीत व बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर असावेत. मध्य ध्वनिक्षेपक दूरचित्रवाणीच्या खाली ठेवावा लागल्यास तो किंचित वर, श्रोत्याच्या कानाकडे वळवावा. पुढील तीन ध्वनिक्षेपक एकाच जातीचे असणे इष्ट असते. अन्यथा पडद्यावरून डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज वाटेत बदलल्यासारखा वाटतो. सभोवार ध्वनिक्षेपक कानाच्या पातळीपेक्षा थोडे उंच ठेवण्याची प्रथा आहे, कारण त्यामुळे जवळ बसलेल्या माणसाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले जात नाही. ध्वनिक्षेपक कपाटात किंवा कोनाड्यात खोल सारून ठेवणे टाळावे. तसेच पाठीमागची भिंत श्रोत्याच्या डोक्याला लागून नसावी. आसन भिंतीपासून थोडे पुढे ओढले, तरी सभोवार ध्वनी मोकळा होतो.

काल व पातळी यांचे समायोजन : घराच्या रचनेमुळे सर्व ध्वनिक्षेपक समान अंतरावर ठेवणे क्वचितच शक्य होते. ही उणीव विवर्धकातील विलंबाच्या साहाय्याने भरून काढतात. ध्वनीचा हवेतील वेग दर सेकंदास सु. ३४४ मी. असल्याने १ मिलिसेकंदात तो सु. ३४ सेंमी. अंतर कापतो. पुढील ध्वनिक्षेपक ३ मी. व सभोवार ध्वनिक्षेपक १·५ मी. अंतरावर असल्यास सभोवार ध्वनी सु. ४·४ मिलिसेकंद आधी पोहोचतो; तितकाच विलंब त्यास द्यावा लागतो. व्यवहारात ही आकडेमोड करावी लागत नाही. प्रत्येक ध्वनिक्षेपकापासून श्रोत्याच्या डोक्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजून विवर्धकाच्या सूचीत नोंदले, की आवश्यक तो विलंब आपोआप मिळतो.

मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाल्यास ध्वनीची पातळी ६ डेसिबेलने वाढते. बंद खोलीत परावर्तनामुळे ही वाढ थोडी कमी असते, तरी जवळचा ध्वनिक्षेपक मोठा वाजणारच. म्हणून पातळीचेही समायोजन करावे लागते. विवर्धकात खळखळाटासारखा परीक्षण-ध्वनी निर्माण करण्याची सोय असते. तो प्रत्येक ध्वनिक्षेपकातून पाळीपाळीने ऐकून, श्रोत्याच्या जागी सर्वांची पातळी समान करावी. ध्वनिपातळीमापक असल्यास ही पातळी सामान्यतः ७५ डेसिबेल ठेवतात. आधुनिक विवर्धकांबरोबर मिळणारा ध्वनिग्राहक श्रोत्याच्या जागी ठेवल्यास हे काम स्वयंचलितपणे होते. तरीही नोंदली गेलेली अंतरे प्रत्यक्षाशी ताडून पाहणे योग्य ठरते. मंद्र ध्वनिक्षेपकाचे अंतर मात्र त्याच्या अंतर्गत मंडलातील विलंबामुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त नोंदले जाते. हा दोष नव्हे.

दूरचित्रवाणी संचात चित्रावर प्रक्रिया होण्यास काही वेळ लागतो. त्यामुळे ओठ हलण्याआधी शब्द ऐकू येतात. अशा वेळी सर्व ध्वनिमार्गांस समान विलंब देण्याची विवर्धकातील स्वतंत्र सोय वापरावी.

मंद्र ध्वनी : व्यवहारात ज्यास सबवूफर म्हणतात, तो मंद्र ध्वनिक्षेपक दोन कामे करतो. तबकडीवरील ‘·१’ मार्ग तो वाजवितो, तसेच लहान ध्वनिक्षेपकांस न पेलणारा खर्जही त्याच्याकडे वळविता येतो. यासाठी सूचीत पाचही ध्वनिक्षेपक ‘लहान’ म्हणून नोंदवून विभाजन-कंप्रता सामान्यतः ८० हर्ट्‌झ ठेवतात. या कंप्रतेखालील ध्वनींची दिशा कानास नीट कळत नसल्याने मंद्र ध्वनिक्षेपक खोलीत कोठेही ठेवला तरी चालतो, असे म्हटले जाते. दिशेच्या दृष्टीने हे बरोबर असले, तरी पातळीच्या दृष्टीने बरोबर नाही.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये परावर्तन होऊन ठराविक कंप्रतांस स्थिर तरंग निर्माण होतात. ध्वनिवेगास भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागल्यास त्यांपैकी सर्वांत कमी कंप्रता मिळते. ५ मी. लांब, ४ मी. रुंद व ३ मी. उंच खोलीत त्या अनुक्रमे सु. ३४, ४३ व ५७ हर्ट्‌झ येतात. या कंप्रतांस भिंतींजवळ ध्वनी फुगतो व मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. खोलीची लांबी, रुंदी व उंची समान असेल, तर तिन्ही कंप्रता एकत्र येऊन खर्ज घुमू लागतो. योग्य जागा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. मंद्र ध्वनिक्षेपक तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून खर्जयुक्त संगीत लावावे व भिंतींच्या कडेने खाली वाकून फिरावे. जेथे खर्ज सर्वांत समान व स्पष्ट ऐकू येईल, तेथे मंद्र ध्वनिक्षेपक कायमचा ठेवावा. उगम व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली असता त्या दोहोंमधील ध्वनिसंक्रमण बदलत नाही, या तत्त्वावर ही युक्ती आधारलेली आहे.

खोलीचे ध्वनिकीय गुणधर्म : ध्वनीचा उगम थांबल्यानंतर त्याची पातळी ६० डेसिबेलने उतरण्यास लागणाऱ्या वेळास निनादन काल म्हणतात. अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्व्हर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाच्या अभ्यासातून त्याचे सूत्र शोधून काढले. या सूत्रानुसार खोलीच्या घनफळास (घ. मी.) ०·१६१ ने गुणून एकूण शोषणाने (चौ. मी.) भागल्यास निनादन काल सेकंदांत मिळतो.

वरील उदाहरणातील खोलीचे घनफळ ६० घ. मी. व सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ९४ चौ. मी. येते. फरशी, सिमेंटचा गिलावा व काच यांचे सरासरी शोषण ५ टक्के धरल्यास एकूण शोषण ४·७ चौ. मी. व निनादन काल सु. २ सेकंद होतो. रिकाम्या नव्या घरात टाळी वाजविली असता जो घुमारा ऐकू येतो तो हाच. अशा खोलीत एका शब्दाचा निनाद पुढील शब्दावर पडून संवाद अस्पष्ट होतात आणि सभोवार ध्वनीचे दिशाभेद पुसले जातात. सतरंजी किंवा गालिचा, जाड पडदे, कापडी बैठका व पुस्तकांनी भरलेली मांडणी यांच्या योगे शोषण २४ चौ. मी.पर्यंत नेल्यास निनादन काल ०·४ सेकंदापर्यंत उतरतो व तो या कामास योग्य असतो. भारतातील पुष्कळ घरांत जमीन फरशीची व भिंती उघड्या असल्याने, संवाद कळत नाहीत या तक्रारीचे कारण बहुधा यंत्रात नसून खोलीत असते. पुढील ध्वनिक्षेपक व श्रोता यांच्यामधील जमिनीवर सतरंजी अंथरणे व बाजूच्या भिंतींवर, जेथून पहिले परावर्तन होते तेथे, जाड पडदा सोडणे हे सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होत. मात्र पातळ कापड केवळ उच्च कंप्रताच शोषते. खर्जाचे शोषण त्याने होत नाही. म्हणून सगळ्या भिंती कापडाने झाकल्यास ध्वनी निस्तेज व घुमणारा होतो.

जुनी ध्वनिमुद्रणे : प्रत्येक तबकडीवरील ध्वनी सहा ध्वनिक्षेपकांतून वाजविणे योग्य नसते. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) यांसारख्या चित्रपटांचे मूळ ध्वनिमुद्रण एकमार्गी आहे. अशा चित्रपटाचा ध्वनी तबकडीच्या दोन मार्गांत समान नोंदलेला असला, तर प्रो लॉजिकसारखा विसंकेतक तो मध्य ध्वनिक्षेपकाकडे वळवितो व हेच मूळ चित्रपटगृहातील अनुभवाशी जुळणारे असते. कृत्रिम निनाद मिसळणाऱ्या ‘सभागृह’, ‘मैदान’ इ. योजना अशा वेळी बंद ठेवाव्यात. शास्त्रीय गायन-वादनाची द्विमार्गी ध्वनिमुद्रणे पुढील दोन ध्वनिक्षेपकांवरच ऐकणे श्रेयस्कर ठरते, कारण ध्वनिमुद्रणकाराने तानपुरा व तबला यांच्या जागा त्या दोन मार्गांतच योजिलेल्या असतात.

पातळी, श्रवण व शेजार : चित्रपटाचे ध्वनिमिश्रण मोठ्या प्रेक्षागृहासाठी केलेले असते. तेथील संदर्भ-पातळी लहान खोलीत कर्कश वाटते. म्हणून घरी त्याहून बऱ्याच कमी पातळीवर ऐकणेच योग्य होय. ८५ डेसिबेल पातळीचा ध्वनी रोज आठ तास कानावर पडणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते व पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित काल निम्मा होतो. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबेल आहे. खर्ज ध्वनी भिंती व तक्तपोशीतून सहज आरपार जातो. त्यामुळे चाळी व सदनिकांमध्ये शेजाऱ्यांस संवाद ऐकू आले नाहीत, तरी मंद्र ध्वनिक्षेपकाचे धक्के जाणवतात. त्याखाली जाड रबर किंवा फेसाची बैठक ठेवणे व रात्री त्याची पातळी उतरविणे हे शेजारधर्मास धरून होय.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून एकूण आवाज वाढविणे व लगेच येणाऱ्या स्फोटाच्या वेळी तो घाईने कमी करणे, हा अनेक घरांतील नित्याचा अनुभव आहे. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांस त्याचा विशेष त्रास होतो. यावर केवळ मध्यमार्गाची पातळी २ ते ३ डेसिबेलने वाढविणे हा योग्य उपाय होय. त्यामुळे एकूण आवाज न वाढता संवाद पुढे येतात. सर्व समायोजन साधल्याची खूण अशी, की श्रोत्यास कोणताही एक ध्वनिक्षेपक वाजत असल्याची जाणीव होत नाही. शब्द पडद्यावरील माणसाच्या तोंडून येतात आणि पाऊस खोलीबाहेर पडत असल्याचा भास होतो.